शिकत कोण होतं, माशी की प्लेट? एका एमएस्सी प्रोजेक्टचं प्रकरण

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावातलं कॉलेज, तिथलं झूलॉजी डिपार्टमेंट, आणि एमएस्सी सेकंड इयरची एक मुलगी. तिला इथे केतकी म्हणू, नाव खरं नाही, आणि कॉलेज ओळखू येईल असं काही लिहिणार नाहीये. तिच्या गाईड मॅडम म्हणजे माझ्याही मॅडम, बीएस्सीला त्यांच्याकडेच शिकलो, पुढे मी फ्लाय लॅबमध्ये पीएचडी केली, त्यामुळे फळमाश्यांचं काही अडलं की त्यांचा फोन येतो. या प्रकरणात मी मधेच आलो, पण सुरुवातीपासूनच्या वह्या आणि व्हिडिओ सगळे बघितलेत आणि दोघींची परवानगी घेऊन लिहितोय.

आधी एक खुलासा. फळमाशी म्हटलं की आंबा-पेरूवाल्या शेतकऱ्यांना बॅक्ट्रोसेरा आठवते, कामगंध सापळे आठवतात. ती ही नव्हे. ही ड्रॉसोफिला मेलॅनोगास्टर, पिकलेल्या केळ्यांवर घोंगावणारी अडीच-तीन मिलिमीटरची चिलटं. कॉलेजात ती असतेच, कारण १९१० मध्ये जनुकशास्त्रज्ञ मॉर्गनला सापडलेल्या पांढऱ्या डोळ्याच्या म्यूटंटवरून, म्हणजे जनुक बदललेल्या माशीवरून, आपण अजूनही सेक्स लिंकेजचं (लिंग-गुणसूत्रावरून येणाऱ्या गुणाचं) प्रॅक्टिकल करतो. मक्याचं पीठ, साखर, यीस्ट, अगार शिजवायचं, बुरशी धरू नये म्हणून प्रोपिओनिक ॲसिड घालायचं, व्हायलमध्ये ओतायचं, २५ डिग्रीला ठेवलं की दहा दिवसांत नवी पिढी.

केतकीने २०११ चा ऑफ्स्टॅड, झुकर आणि रायझर यांचा नेचरमधला पेपर वाचला होता आणि ती अक्षरशः झपाटली होती. मला ते समजू शकतं, तो पेपर आहेच तसा. रिचर्ड मॉरिसने १९८१ मध्ये उंदरांसाठी पाण्याची टाकी वापरली होती: पाणी गढूळ, कुठेतरी पाण्याखाली न दिसणारा चौथरा, उंदराने भिंतीवरच्या खुणा बघून तो कुठे आहे हे शिकायचं. या तिघांनी तेच माशीसाठी उलटं केलं, पाण्याच्या जागी गरम जमीन. ६४ छोट्या पेल्टिअर फरश्या (पेल्टिअर म्हणजे वीज दिली की एका बाजूने थंड, दुसऱ्या बाजूने गरम होणारा चपटा तुकडा), ८ बाय ८, सगळ्या ३६ डिग्रीवर आणि एकच २५ वर. दिसायला सगळ्या सारख्या. भोवती एलईडीची गोल भिंत, तिच्यावर उभे, आडवे, तिरपे पट्टे. माश्यांचे पंख कापलेले, म्हणजे चालण्याशिवाय इलाज नाही. दर फेरीनंतर थंड फरशी बदलायची आणि पट्टेही तेवढेच फिरवायचे. पाच-पाच मिनिटांच्या दहा फेऱ्यांत माश्या थंड फरशी खूप लवकर शोधायला लागल्या, आणि शेवटी सगळ्या फरश्या गरम केल्या, म्हणजे थंड जागा अस्तित्वातच नाही, तरी माश्या पट्ट्यांच्या हिशोबाने जिथे ती असायला हवी तिथेच फिरत राहिल्या. दोन तासांनंतरसुद्धा.

त्यातला दुसरा भाग मला जास्त आवडतो. वास आणि शॉकची सांगड माशी मेंदूतल्या मश्रूम बॉडी नावाच्या भागात लक्षात ठेवते हे माहीत होतंच, बेन्झरच्या लॅबमधून १९७६ ला डन्स नावाचा शिकू न शकणारा म्यूटंट आला तिथपासून हे सगळं काम चालू आहे. पण जागेच्या आठवणीला मश्रूम बॉडी बंद केली तरी फरक पडला नाही, फरक पडला तो मेंदूच्या मध्यावरच्या इलिप्सॉइड बॉडी या दुसऱ्या भागातले काही रिंग न्यूरॉन बंद केल्यावर. आणि २०१५ मध्ये सीलिग आणि जयरामन यांनी दाखवलं की त्याच इलिप्सॉइड बॉडीत माशीचं तोंड कुठल्या दिशेला आहे हे दाखवणारं होकायंत्रासारखं न्यूरॉनचं वर्तुळ चालतं. सुमारे १ लाख ३९ हजार न्यूरॉनच्या मेंदूत हे सगळं बसतं. एखाद्या मुलीला हे वाचून हात शिवशिवले नाहीत तरच नवल.

मॅडमनी हो म्हटलं. मुंबईत टीआयएफआर या संशोधन संस्थेत ओबैद सिद्दिकी, वेरोनिका रॉड्रिग्ज यांनी सत्तरच्या दशकात माशीच्या वासा-चवीच्या वागणुकीवरून म्यूटंट शोधले होते, तेव्हा वागणुकीचं काम करायला फार मोठी मशिनरी लागतेच असं नाही, हा त्यांचा मुद्दा, आणि तो बरोबरच आहे.

अडचण

६४ पेल्टिअर आणि एलईडीची भिंत परवडणार नव्हती हे उघड आहे. केतकीने बनवलं ते असं: ३ मिलिमीटरची ॲल्युमिनियमची एक अखंड प्लेट, खाली सिलिकॉन हीटिंग पॅड, एका कोपऱ्यात खालून चिकटवलेली एक पेल्टिअर, तिच्याखाली कॉम्प्युटरचं हीटसिंक आणि पंखा. वर पांढरा कागद, त्यावर माश्या, माश्यांवर काच. भोवती चार्टपेपरची गोल भिंत, तिच्यावर काळे पट्टे. वर स्टँडला मोबाइल, व्हिडिओसाठी. प्लेटच्या मध्यभागी एक सेन्सर, त्याने ३६ दाखवलं की पेल्टिअर चालू करायची आणि पहिली फेरी सुरू.

माश्या वापरल्या पांढऱ्या डोळ्याच्या, कारण प्रॅक्टिकलसाठी त्यांच्याच बाटल्या भरपूर होत्या.

रिझल्ट बघण्यासारखा आला. पहिल्या फेरीत माश्या सगळीकडे सैरावैरा, दहाव्या फेरीपर्यंत बहुतेक जणी थोड्याच वेळात थंड कोपऱ्यात. ग्राफ पायऱ्या उतरल्यासारखा खाली. वेगवेगळ्या दिवशी केलं तरी तसाच. मॅडम खूश, केतकी तर काय विचारू नका, आणि विद्यार्थ्यांच्या एका कॉन्फरन्सला ॲब्स्ट्रॅक्ट जाऊन ॲक्सेप्टही झालं होतं. पोस्टरचा ड्राफ्ट मॅडमनी मला पाठवला, "अरे जरा नजर टाक, स्पेलिंग वगैरे बघ" म्हणून.

मी मेथड्स वाचले आणि पांढऱ्या डोळ्यांपाशी अडकलो. व्हाइट जीन बिघडलं की डोळ्यातलं रंगद्रव्य जातं, एका छोट्या डोळ्यातला उजेड शेजारच्यात झिरपतो, म्हणजे माशी आंधळी नसते पण चित्र धुरकट दिसतं, कॉन्ट्रास्ट पार घसरतो. शिवाय हीट बॉक्स नावाचा जुना प्रयोग आहे, अरुंद डबी, अर्ध्या भागात माशी गेली की डबी तापते, त्यात व्हाइट म्यूटंटची जागेची आठवण कमकुवत निघते हे आधीच माहीत आहे. मग पट्टे नीट न दिसणाऱ्या आणि जागेच्या आठवणीत मुळातच कच्च्या असलेल्या माश्या इतका छान ग्राफ कसा काय देतात?

मॅडमना फोन केला आणि एवढंच विचारलं की अंधारात करून बघितलंय का. नव्हतं केलेलं.

पहिला निर्णय: खोदायचं की सोडून द्यायचं

इथे थांबून सांगण्यासारखं आहे, कारण खरी कसोटी इथेच होती. डेझर्टेशन सबमिशन जवळ आलेलं, ॲब्स्ट्रॅक्ट ॲक्सेप्ट झालेलं, आणि ग्राफ दर वेळी तसाच येत होता. तसाच येतो म्हणजे खरा, असं वाटणं अगदी स्वाभाविक आहे, पण उपकरणातली गडबडसुद्धा दर वेळी तशीच येते, उलट माशीपेक्षा जास्त नेमाने येते. मॅडम आधी थोड्या नाराज होत्या, "एमएस्सीचा प्रोजेक्ट आहे रे, पीएचडी नाही" असं म्हणाल्या. केतकी मात्र म्हणाली, दादा, अंधारातली एक बॅच करायला कितीसा वेळ लागतो, करूनच बघते. आणि तिने लगेच केली.

लाल दिव्याखाली, कारण गडद लाल माशीला जवळपास दिसत नाही. ग्राफ तसाच. त्याच पायऱ्या, तोच उतार. म्हणजे पट्ट्यांचा संबंध संपला.

मग संशय वासावर. माश्या चालताना अंगावरच्या मेणचट हायड्रोकार्बनचे अंश सोडतात, विष्ठेचे ठिपके पडतात, आणि कागद पूर्ण सेशनभर तोच होता. थंड कोपऱ्यात गर्दी होते, तिथेच वास साठतो, पुढच्या फेरीत त्याच वासावर माश्या जातात, हे अगदी पटण्यासारखं होतं. मलाही हेच असणार असं वाटत होतं. तिने दर फेरीला नवीन कागद टाकून केलं. ग्राफ तसाच.

तिसरी टेस्ट निर्णायक ठरली आणि ती सगळ्यांत सोपी आहे. नऊ फेऱ्या नेहमीसारख्या होऊ द्यायच्या, आणि दहाव्या फेरीला शिकवलेल्या माश्या काढून त्या जागी व्हायलमधल्या कोऱ्या माश्या सोडायच्या, ज्यांनी ही प्लेट जन्मात बघितलेली नाही. कोऱ्या माश्या तितक्याच लवकर थंड कोपऱ्यात पोचल्या.

नऊ फेऱ्या शिकलेल्या आणि काहीच न शिकलेल्या माश्यांमध्ये फरक नाही, याचा अर्थ शिकणं झालेलंच नव्हतं. बदलत होतं ते दुसरंच काहीतरी, वेळेबरोबर.

प्लेटचं तापमान मोजताना काय झालं

मी सुट्टीला गावी गेलो तेव्हा आम्ही प्लेट माश्यांशिवाय चालवली. थर्मल गन होती, पण ती चकचकीत ॲल्युमिनियमवर धरली की काहीही दाखवायची, कारण चकचकीत धातू स्वतःची उष्णता फारशी किरणांतून सोडत नाही आणि समोरच्या भिंतीची, आपल्या हाताचीच परतवतो. केतकीने आधी गनवरच मोजलं होतं आणि सगळीकडे जवळपास एकच आकडा आला होता, म्हणून ती निर्धास्त होती. यावर उपाय स्वस्त आहे, काळी इन्सुलेशन टेप. तिचे छोटे चौकोन कापून प्लेटवर ओळीने चिकटवले, आणि दर पाच मिनिटांनी प्रत्येक चौकोनावर गन धरून आकडे लिहिले. लॅबचे मामा घड्याळ बघून ओरडायचे, केतकी मोजायची, मी लिहायचो.

तासाभरात चित्र स्पष्ट झालं. पेल्टिअर चालू केल्यावर सुरुवातीला फक्त कोपरा थंड, बाकी प्लेट बऱ्यापैकी सारखी गरम. पण ॲल्युमिनियममधून उष्णता भराभर वाहते. जसजसा वेळ गेला तसतसा थंडावा कोपऱ्यातून आत पसरत गेला, आणि शेवटच्या फेऱ्यांच्या वेळेपर्यंत कोपऱ्यापासून थेट मध्यापर्यंत तापमानाचा सलग उतार तयार झालेला. माश्या सोडायच्या मध्यभागीच. माशीला तापमानातला बारीक फरकही कळतो, अँटेनात त्यासाठी वेगळे न्यूरॉन आहेत, त्यामुळे तिला फक्त उताराच्या दिशेने चालायचं होतं. आठवण लागतच नाही. पहिल्या फेरीत उतार नाही म्हणून वेळ जास्त, दहाव्या फेरीत उतार तयार म्हणून वेळ कमी. तो सुंदर ग्राफ प्लेट स्थिर होण्याचा ग्राफ होता.

आणि तेव्हा २०११ वाल्यांनी ६४ वेगवेगळे तुकडे का वापरले हे नीट डोक्यात शिरलं. प्रत्येक फरशी सुटी, त्यामुळे शेजारच्या गरम फरशीवर उभ्या माशीला थंड फरशीचा पत्ता लागत नाही, सीमा धारदार. खर्चिक वाटणारा तो भागच प्रयोगाचा प्राण होता. पेपर वाचताना आपण पट्टे आणि न्यूरॉन बघतो, जमिनीकडे कोणी बघत नाही.

समोरचे पर्याय

तिघं बसलो. मॅडम, केतकी, मी, डिपार्टमेंटच्या लायब्ररीत.

एक म्हणजे आहे तोच डेटा ठेवायचा आणि शीर्षक बदलून "उष्णता टाळण्याची वागणूक" करायचं. खोटं काही नाही, काम संपलेलं. पण मग प्रश्नच मरतो, फळमाशी गरम जागेतून थंडीकडे जाते हे कोणाला माहीत नाही? केतकीला हे अजिबात नको होतं.

दुसरा, विषय बदलून वास-शॉकचा टी-मेझ, म्हणजे एका वासाबरोबर शॉक द्यायचा आणि मग दोन वासांतून माशी कुठला निवडते ते बघायचं. जगभर चालणारी पद्धत, १९८५ च्या टली आणि क्विनच्या पेपरपासून ठरलेली. पण शॉकची तांब्याची जाळी, हवेचा नेमका प्रवाह, हे उरलेल्या वेळात शून्यापासून उभं करायचं म्हणजे फार जोखीम.

तिसरा, हीट बॉक्स. १९९६ पासूनची सोपी रचना, एक माशी, दोन भाग. मला स्वतःला हा पर्याय सगळ्यांत सुरक्षित वाटत होता आणि मी तसं सांगितलंही. सेरोटोनिन नसेल तर हीट बॉक्समधली जागेची आठवण बनत नाही हे २००८ ला दाखवलं गेलं, म्हणजे त्यावर पुढे औषधं घालूनही काम करता आलं असतं. पण त्यात बघायच्या खुणाच नाहीत, माशीला पट्टे बघून जागा ओळखता येते का, या केतकीच्या प्रश्नाचं उत्तर तिथे मिळणार नव्हतं.

चौथा, मेझ दुरुस्त करायचा, पण छोटा. सुट्या पेल्टिअर, फक्त चार, २ बाय २. त्यामुळे "माशी लपलेली जागा शोधते" हा मोठा दावा सोडून द्यावा लागणार होता, कारण चारच फरश्यांत माशी चालता चालता थंड फरशीवर पोचणारच, शोधायला लागणाऱ्या वेळेचा ग्राफ जवळपास सपाट येणार. पण एक गोष्ट चोख मिळणार होती: शेवटी चारही फरश्या गरम केल्यावर माशी कुठल्या पावभागात जास्त थांबते. काहीच आठवत नसेल तर पंचवीस टक्के. आठवत असेल तर जास्त. हिशोब सरळ.

मॅडमनीच चौथा निवडला. त्यांचं म्हणणं मला अजून आठवतं, की ग्राफ देखणा नसला तरी चालेल, पण व्हायवाला हिला कोणी काही विचारलं तर हिच्याकडे उत्तर पाहिजे. आधी नाराज असलेल्या मॅडम इतक्या ठामपणे बोलल्या की पुढचं सगळं सोपं झालं.

ॲब्स्ट्रॅक्टचं काय करायचं यावर जास्त चर्चा झाली. पोस्टर नेऊन तोंडी सांगायचं की नवीन माहिती आलीये, असा एक मधला मार्ग निघत होता. पण छापील पुस्तिकेत जुनंच वाक्य राहणार होतं, "दृश्य खुणांच्या आधारे जागा शिकतात". ॲब्स्ट्रॅक्ट मागे घेतलं. ईमेल केतकीने स्वतः लिहिला, कारणासकट, चार ओळींत. आयोजकांचं उत्तर आलं की समजलं, पुढच्या वर्षी पाठवा.

काय केलं

पेल्टिअर, रिले, एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा), थर्मिस्टर (तापमानाचा सेन्सर) हे सगळं पुण्यात तपकीर गल्लीतून आणलं, जोडणी केतकीच्या मामेभावाने केली, तो इलेक्ट्रॉनिक्स डिप्लोमाचा. पेल्टिअरमधला करंट उलटा केला की थंड बाजू गरम होते, त्यामुळे एकच तुकडा दोन्ही कामं करतो आणि चारपैकी कुठलीही फरशी थंड करता येते. फरश्यांमध्ये बारीक फट ठेवून थर्माकोलची पातळ पट्टी बसवली. वर पातळ काळा कागद, दर माशीला नवा. गंमत म्हणजे कागद काळा आणि मॅट असल्यामुळे गन त्यावर बरोबर आकडा दाखवते, टेपची गरज उरली नाही.

माश्या काचेवर उलट्या चालायच्या, गरम जमीन सोडून छतावर निवांत बसायच्या, ही पहिल्या मेझमध्येही डोकेदुखी होती. २०११ च्या पेपरात काचेला निसरडा थर दिलेला. इथे गाडीच्या काचेला लावायचं सिलिकॉनचं द्रावण वापरलं, आणि वास उडून जाईपर्यंत काच उघड्यावर ठेवली. पाय टिकत नाहीत म्हटल्यावर माश्या खाली राहिल्या.

लाल डोळ्याच्या कँटन-एस माश्या, म्हणजे लॅबमध्ये सर्रास वापरला जाणारा साधा, म्यूटंट नसलेला स्टॉक, दुसऱ्या लॅबमधून मागवल्या. बाहेरून आलेला स्टॉक थेट आपल्या बाटल्यांशेजारी ठेवायचा नसतो, माइट्स (बारीक किडे) आले तर सगळं कल्चर बसतं, म्हणून आधी त्या वेगळ्या ठेवून पिढी बदलली. आणखी एक पर्याय मनात आला होता, व्हेस्टिजिअल, म्हणजे जन्मतः खुरटलेल्या पंखांच्या माश्या, त्याही प्रॅक्टिकलसाठी होत्याच, म्हणजे बर्फावर ठेवून पंख कापायची कटकट वाचते. पण त्यांची बाकीची जनुकीय पार्श्वभूमी वेगळी, कँटन-एसशी तुलना करता आली नसती, त्यामुळे तो सोडला. पंख कापून माश्यांना सावरायला वेळ दिला आणि मगच टेस्ट.

एप्रिल लागला होता. दुपारी लॅबचंच तापमान ३६ च्या पुढे. अशा खोलीत पेल्टिअरचं हीटसिंक गारच होत नाही, थंड फरशी २५ ला येतच नाही, आणि एसी फक्त एचओडींच्या केबिनला. सेशन सकाळी लवकर घ्यायचे ठरले. त्याचा दुसरा फायदा म्हणजे फळमाशी पहाटे आणि संध्याकाळी जास्त हालचाल करते, दुपारी झोपाळते. सगळे गट त्याच वेळेत आलटून पालटून घेतले, नाहीतर वेळेचाच फरक शिकण्याचा फरक म्हणून दिसला असता. वीज गेली तर ते सेशन बाद, अर्धवट डेटा जोडायचा नाही, हा नियम मामांनीही पाळला, दिवे गेले की आधी वहीत काट मारायचे.

गट तीन. कँटन-एस, ज्यांच्यासाठी थंड फरशी आणि पट्टे एकत्र फिरतात. कँटन-एस, ज्यांच्यासाठी पट्टे वाटेल तसे फिरतात आणि थंड फरशीशी त्यांचा काही संबंध नसतो. आणि पांढऱ्या डोळ्याच्या, पट्टे एकत्र फिरणाऱ्या. शिवाय दर सेशनला शेवटी कोऱ्या माश्या. एका वेळी एकच माशी, म्हणजे एकीच्या मागे दुसरी गेली का हा प्रश्नच नको.

शेवटच्या टेस्टबद्दल एक बारकावा जो केतकीच्या लक्षात आला, मी सांगितलेला नाही. शेवटच्या फेरीत जी फरशी थंड होती तीच जर पट्ट्यांप्रमाणेही "बरोबर" जागा असेल, तर फरशीत उरलेला थोडा गारवा किंवा माशीची चालायची सवय यांचा फायदा मिळू शकतो. म्हणून टेस्टच्या आधी पट्टे आणखी एकदा फिरवायचे, म्हणजे पट्टे एका फरशीकडे बोट दाखवतात आणि शेवटची थंड फरशी दुसरीच असते. माशी कोणाचं ऐकते हे स्वच्छ कळतं. व्हिडिओत फक्त जमीन दिसेल असा कॅमेरा लावला, फाइलना आकडे दिले, आणि वेळ मोजायचं काम ज्युनिअर मुलीला दिलं जिला कुठला गट कुठला हे माहीत नव्हतं.

निष्पन्न

शोधायच्या वेळेचा ग्राफ अपेक्षेप्रमाणे जवळपास सपाट आला, किंचित उतार, आणि तो किंचित उतार पट्टे वाटेल तसे फिरणाऱ्या गटातही होता. म्हणजे तो जागेच्या आठवणीचा नव्हे, गरम जमिनीला सरावून माश्यांचं चालणं बदलतं एवढंच त्यातून म्हणता येतं.

शेवटच्या टेस्टमध्ये मात्र फरक दिसला. पहिल्या गटाच्या कँटन-एस माश्या पट्ट्यांनी दाखवलेल्या पावभागात पंचवीस टक्क्यांपेक्षा स्पष्टपणे जास्त वेळ राहिल्या, निम्म्यापर्यंत काही पोचल्या नाहीत. दुसऱ्या गटात कुठल्याच पावभागाकडे कल नाही. कोऱ्या माश्यांतही नाही. पांढऱ्या डोळ्याच्या माश्यांमध्ये कल इतका फिका की काही म्हणता येत नाही, आणि केतकीने तसंच लिहिलं. त्यांना पट्टे दिसले नाहीत की दिसून आठवले नाहीत, हे या रचनेतून सांगताच येत नाही.

डेझर्टेशनमध्ये पहिल्या प्लेटचं काय करायचं यावर मॅडमचं आणि माझं जमलं नाही. त्यांना ते परिशिष्टात हवं होतं, मला स्वतंत्र प्रकरण म्हणून. शेवटी केतकीने प्रकरण केलं, टेपच्या चौकोनांच्या आकड्यांसकट, कोऱ्या माश्यांच्या टेस्टसकट. व्हायवाला एक्स्टर्नलनी त्याच प्रकरणावर सगळ्यात जास्त प्रश्न विचारले, आणि तिच्याकडे प्रत्येकाचं उत्तर होतं.

काय वेगळं करता आलं असतं

सगळ्यांत आधी, माश्या न सोडता उपकरण पूर्ण सेशनभर चालवून मोजायला हवं होतं. याला खर्च नाही, एक सकाळ लागते. प्लेट स्थिर झाल्यावरच पहिली फेरी, एवढा बदल केला असता तर तो पायऱ्यांचा ग्राफ पहिल्याच दिवशी गायब झाला असता.

दुसरं, कोऱ्या माश्या. शिकण्याचा कुठलाही प्रयोग असो, शेवटच्या फेरीला न शिकलेला प्राणी सोडून बघायचाच. अंधार आणि कागदाच्या टेस्टमध्ये वेळ गेला तो वाया गेला असं म्हणणार नाही, पण त्या एकेका कारणाला बाद करतात, आणि कोऱ्या माश्यांची टेस्ट एका झटक्यात मूळ प्रश्नालाच हात घालते: इथे शिकणं आहे का नाही? ती पहिली करायला हवी. मी आता कोणालाही हाच क्रम सांगतो.

स्टॉकची निवड हा तिसरा मुद्दा. बघण्यावर अवलंबून असलेल्या प्रयोगात व्हाइट म्यूटंट मुख्य गट म्हणून घेऊ नये. आपल्याकडे कॉलेजात हाताशी तेच असतात, आणि बरेचसे जनुकीय बदल केलेले स्टॉकसुद्धा व्हाइट पार्श्वभूमीवरच बनवलेले असतात, त्यामुळे हा प्रश्न पुढेही येणार. फ्लाय लॅबवाले चांगल्या मनाने स्टॉक देतात, एक ईमेल केला तर बहुतेक वेळा नाही म्हणत नाहीत.

कॉन्फरन्सची तारीख प्रयोगाच्या आधी धरली गेली, त्याचंही थोडं आहे. ॲब्स्ट्रॅक्ट पाठवताना अंधारातली टेस्ट बाकी होती हे मॅडमना माहीत होतं, "नंतर करू" असं ठरलेलं. मला वाटतं डिपार्टमेंटने असा नियम करावा की ज्या शब्दावर दावा उभा आहे, इथे "दृश्य खुणा", तो शब्द काढून टाकणारी निदान एक टेस्ट झाल्याशिवाय ॲब्स्ट्रॅक्टवर गाईडची सही नाही. मॅडमना हे जास्त कडक वाटतं, छोट्या कॉलेजातल्या मुलांना कॉन्फरन्सला जायची संधी मुळातच कमी मिळते असं त्या म्हणतात, आणि त्यातही तथ्य आहे. यावर आमचं अजून एकमत नाही.

चार फरश्यांचा तो डबा आता डिपार्टमेंटमध्येच आहे. व्हिडिओ मोजणाऱ्या त्या ज्युनिअर मुलीने यंदा तोच विषय घेतलाय, शिकवून झाल्यावर दोन तास माश्या व्हायलमध्ये परत ठेवायच्या आणि मग टेस्ट, म्हणजे आठवण टिकते का. तिने पहिला आठवडा नुसतं तापमान मोजण्यात घालवला आणि एक फरशी बाकीच्यांपेक्षा उशिरा गरम होते हे शोधून काढलं, थर्मिस्टर सुटला होता. तो बदलून झालाय, पुढच्या आठवड्यात कँटन-एसची पहिली बॅच लागेल.